भाड्याचीं घरें व कायद्याचें कर्तव्य

वर्षाचे महिने बारा, हें आपण बालवर्गांतच शिकतों. परंतु मुंबई, ठाणें, पुणें, नाशिक अशा शहरांत भाड्यानें राहणाऱ्या कुटुंबाचें वर्ष अकरा महिन्यांचें असतें. करार अकरा महिन्यांचा. दहावा महिना सरला कीं घरांत कुजबूज सुरू होते. मालक यंदां किती वाढ मागेल, कीं "आम्हांस घर स्वतःसाठींच हवें आहे" असें सांगून मोकळा होईल, याचा अदमास आई-वडील रात्रीं दिवा मालवल्यावर बांधूं लागतात. करार दिवाळीच्या सुमारास झालेला असला तर त्याची मुदत ऐन सहामाही परीक्षेच्या तोंडावर संपते. नवें बिऱ्हाड त्याच वस्तींत परवडत नाहीं. तें दोन-चार स्टेशनें पुढें मिळतें. मग मुलाचें नांव एका शाळेच्या पटावरून निघतें व दुसऱ्या शाळेच्या पटावर चढतें. शाळा सोडल्याच्या दाखल्यांत 'शाळा सोडण्याचें कारण' असा एक रकाना असतो. त्यांत कारकून 'स्थलांतर' हा एकच शब्द लिहितो. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर अशी आपल्यांत म्हण आहे. पण विंचवास निदान मुलांच्या शाळेची, गॅसच्या नोंदणीची आणि शिधापत्रिकेवरील पत्त्याची विवंचना नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा रकाना आहे, असें म्हटलें तरी चालेल. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, भाड्यानें राहणाऱ्याची ही अस्थिरता दैवानें आलेली नाहीं व केवळ मालकांच्या दुष्टपणानेंहि आलेली नाहीं; ती बव्हंशीं कायद्याच्या रचनेंतून आलेली आहे, आणि म्हणूनच ती कायद्यानें दूर करतां येण्याजोगी आहे. घरभाड्याचे कायदे आपल्या देशांत राज्यांचीं विधिमंडळेंच करीत आलीं आहेत. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर आपण आपल्याच राज्याच्या विधिमंडळाकडे मागावयास हवें. तथापि नवा कायदा मागण्यापूर्वीं जुन्या कायद्यांनीं काय साधलें व काय बिघडविलें तें पाहणें अवश्य आहे. कारण या बाबतींत महाराष्ट्राएवढा अनुभव फारच थोड्या राज्यांच्या गांठीं असेल.

मुंबईंत १८९६ सालीं गांठीचा प्लेग आला. दाटीवाटीच्या, उजेड-वारा नसलेल्या चाळींतून तो झपाट्यानें पसरला, तेव्हां सरकारचे डोळे उघडले आणि १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट नांवाची संस्था निघाली. या ट्रस्टनें रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आंखल्या. परंतु जुन्या वस्त्या पाडतांना जेवढ्या गरिबांचें छप्पर गेलें तेवढीं नवीं छपरें कांहीं उभीं राहिलीं नाहींत. पुढें पहिलें महायुद्ध आलें. बांधकामें थांबलीं, भाडीं कडाडलीं, आणि १९१८ सालीं मुंबई सरकारला भाड्यावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. आपल्या देशांतील अशा प्रकारच्या अगदीं पहिल्या कायद्यांपैकीं तो एक होय. दोन वर्षांनीं, म्हणजे १९२० सालीं, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत डेव्हलपमेंट खातें निघालें व कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी व सुमारें १६,५०० खोल्या झाल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. संकल्पाच्या तिसऱ्या हिश्शावर काम थांबलें. तरीहि त्या बी. डी. डी. चाळींनीं शंभर वर्षें पिढ्यान् पिढ्यांना आसरा दिला, आणि २०२५ च्या ऑगस्टांत वरळी येथील ५५६ कुटुंबांना त्याच जागीं ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. सरकारनें स्वतः बांधलेलें भाड्याचें घर किती काळ उपयोगीं पडतें, याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत तोच प्रसंग दुप्पट जोरानें आला. युद्धापाठोपाठ फाळणी झाली आणि निर्वासितांचे लोंढे आले. अशा वेळीं झालेला १९४७ चा मुंबईचा भाडे-नियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलांत आला. त्यानें भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं आणि नियमितपणें भाडें भरणाऱ्यास, कायद्यांत सांगितलेल्या कारणांवांचून, कोणीहि घराबाहेर काढूं नये असें ठरविलें. त्या काळीं हें योग्यच होतें. कोंकणांतून व घाटावरून आलेला गिरणीकामगार, कचेरींतला कारकून, शाळेंतला शिक्षक हे मुंबईंत पाय रोवूं शकले ते याच कायद्याच्या आधारानें. नाटकें, व्याख्यानमाला, गणेशोत्सव, व्यायामशाळा यांनीं गजबजलेलें गिरगांव, दादर, परळ हें स्थिर भाडेकरूंचेंच जग होतें. उद्यां कोणी काढून टाकील ही भीति नसली म्हणजे माणूस शेजारधर्म पाळतो, वाचनालयाची वर्गणी भरतो, आणि चाळीच्या कमिटींत हक्कानें भांडतोहि.

पण त्या कायद्यानें घड्याळ थांबविलें. तात्पुरता म्हणून केलेला तो कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत बावन्न वर्षें जगला. डाळ-तांदूळ, सिमेंट, गवंड्याची मजुरी, सर्व कांहीं वाढलें. भाडें तेवढें १९४० सालांत उभें. ज्या इमारतीच्या महिन्याच्या भाड्यांतून जिन्याचा एक कठडाहि दुरुस्त होत नाहीं, ती इमारत मालक कां सांभाळील? मालकानें हात वर केले. भाडेकरू म्हणे, इमारत माझी नव्हे. आणि पाऊस दरसाल दोघांच्याहि मिळकतीवर गळूं लागला. भाडें गोठलें कीं पैसा दुसऱ्या वाटेनें वाहूं लागतो. त्या वाटेचें नांव पागडी. पागडी घेणें हा १९४७ च्या कायद्यानें गुन्हा ठरविला होता, तरी ती उघड गुपित म्हणून चाललीच, आणि पुढच्या कायद्यानें अखेर तिला मान्यता देऊन टाकली. १९६९ सालीं सरकारनें निराळा कायदा करून दुरुस्ती-मंडळ स्थापिलें व जुन्या इमारतींवर उपकर बसविला. अशा उपकरप्राप्त इमारती त्या वेळीं १९,६४२ होत्या. मंडळानें पुष्कळ इमारती सांवरल्या, कांहीं नव्यानें बांधल्या. पण रोग मुळाशीं होता. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांतील एक जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसें दगावलीं. २०१९ च्या जुलैंत डोंगरींत तसाच अनर्थ झाला. नाममात्र भाड्याच्या छपराखालीं राहण्याची किंमत कधीं कधीं अशीहि मोजावी लागते.

१९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, भाडें गोठविणाऱ्या या तरतुदी काळाच्या ओघांत अन्याय्य झाल्या आहेत. नवा कायदा होऊं घातला होता, म्हणून न्यायालयानें त्या तेथल्या तेथें रद्द केल्या नाहींत. तो नवा कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. मुंबई, विदर्भ व मराठवाडा येथील निरनिराळे कायदे एकत्र करून तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें जुन्या भाड्यांत दरसाल ४ टक्के वाढ करण्याचा अधिकार मालकास दिला. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित सोडवून पाहावें. शंभर रुपयांचें भाडें दरसाल दरशेंकडा ४ प्रमाणें चक्रवाढीनें वाढविलें तरी पंचवीस वर्षांनीं तें सुमारें २६७ रुपये होतें. तेवढ्यानें गच्चीची गळती थांबत नाहीं. म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या बाबतींत मूळ दुखणें राहिलेंच.

आणि नव्यांचें काय? नव्या भाडेकरूस कायदा भाडेकरू म्हणतच नाहीं. त्याच्या हातीं असतो तो 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार, म्हणजे घरांत राहण्याची तात्पुरती परवानगी. १९९९ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणें मुदत संपतांच अशा परवानाधारकानें घर सोडलें पाहिजे. न सोडल्यास सक्षम प्राधिकारी त्याला बाहेर काढूं शकतो, आणि तोंवर दुप्पट रकमेची भरपाई डोक्यावर बसते. हें कलम मालकाच्या मनांतील धास्ती घालविण्यासाठीं होतें, व तें कांहीं अंशीं साधलेंहि. कुलूप लावून ठेवलेलीं घरें भाड्यानें निघूं लागलीं. परंतु लंबक पार दुसऱ्या टोंकास गेला. मालकानें भाडेकरूचें पाणी किंवा वीज तोडूं नये, भाड्याची पावती दिलीच पाहिजे, भाडें भरणाऱ्यास निष्कारण काढूं नये, हीं सर्व कलमें त्या कायद्यांत आहेत. पण तीं 'भाडेकरू' या शब्दाभोंवतीं विणलेलीं आहेत, आणि परवानाधारक त्या शब्दाच्या बाहेर उभा आहे. एकाच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोनशें रुपयांत तीन पिढ्या निर्धास्त नांदत आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावर वीस हजार मोजणारें कुटुंब अकराव्या महिन्याकडे भीतीनें पाहत आहे, असें जेथें घडूं शकतें तेथें कायद्यानें न्याय केला असें कोण म्हणेल?

अकरा महिनेच कां, हा प्रश्न मला विद्यार्थी अनेकदां विचारतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठीं अकराची ही युक्ति निघाली. महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानें, मुदत कितीहि असो, करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे असें ठरविलें. म्हणजे युक्तीचें कारण गेलें, पण संवय राहिली, कारण तिच्यांत मालकाची आणि दलालाचीहि सोय आहे. नवें घर म्हटलें कीं दलालास एक महिन्याच्या भाड्याइतकी दलाली आलीच. अकरा महिने राहावयाचें आणि बारा महिन्यांचें भाडें मोजावयाचें! सामान नेणाऱ्या टेंपोचें भाडें व नव्या शाळेचा गणवेश हे खर्च निराळेच. अनामत रकमेस तर कसली मर्यादाच नाहीं. ज्याची जशी गरज तशी त्याची अडवणूक.

आणखी एक गोष्ट लिहितांना लाज वाटते. घर दाखविणारा दलाल पुष्कळदां पहिला प्रश्न आडनांवाचा करतो. मग धर्म कोणता, आहार काय, लग्न झालें आहे कीं नाहीं. पगाराचा प्रश्न त्यानंतर येतो. राज्यघटनेच्या १५ व्या कलमानें शासनास असा भेद करण्याची मनाई केली आहे. दुकानें, उपाहारगृहें, विहिरी येथेंहि तो चालत नाहीं. परंतु खासगी मालकाच्या घराचा उंबरठा त्या कलमाच्या कक्षेंत स्पष्टपणें येत नाहीं. २००५ सालीं तर एका समाजाच्या सहकारी गृहसंस्थेनें परक्यास सभासद करूं नये हा पोटनियम सर्वोच्च न्यायालयानें वैध ठरविला. घटनेचा हात जेथें पोंचत नाहीं तेथें राज्याच्या कायद्यानें तो पुढें केला पाहिजे.

येथवर संरक्षणाविषयीं झालें. पण संरक्षणाचा कायदा कितीहि चांगला असला तरी परवडणारीं घरेंच नसतील तर तो कोणाचें रक्षण करणार? २०११ च्या जनगणनेप्रमाणें बृहन्मुंबईंतील सुमारें ४२ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. त्याच जनगणनेंत देशाच्या शहरी भागांत १ कोटि १० लाखांच्या आसपास घरें रिकामीं आढळलीं. घरें आहेत, पण जेथें हवीं तेथें व ज्यांना हवीं त्यांच्या ऐपतीचीं नाहींत.

नियमांतील एखादा शब्द किती माणसांचें नशीब फिरवितो हें पाहावयाचें असेल तर गिरणगांवाकडे पाहावें. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर असा कधीं मिटलाच नाहीं, आणि एकामागून एक गिरण्यांचे भोंगे मुके झाले. मागें राहिली ती सुमारें ६०० एकर जमीन, शहराच्या अगदीं काळजांत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत या जमिनीसाठीं ५८ वा नियम झाला. त्याचा स्थूल अर्थ असा कीं, पुनर्विकास करावयाचा झाल्यास जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा उद्यानें-मैदानांसाठीं शहरास, एक तृतीयांश स्वस्त घरांसाठीं म्हाडास, व उरलेला मालकास. २००१ सालीं या नियमांत दुरुस्ती झाली, आणि वांटणी सगळ्या जमिनीची न राहतां फक्त आधींपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची राहिली. गिरणीच्या आवारांत मोकळी जमीन ती कितीशी असणार? साचेखातें पाडल्यानें जी जागा मोकळी झाली ती हिशेबांत आलीच नाहीं. प्रकरण न्यायालयांत गेलें. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं नागरिकांच्या बाजूनें कौल दिला. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरवून २००१ चा नियम कायम केला. आज त्या जमिनींवर मनोरे आहेत, मॉल आहेत, उंची कचेऱ्या आहेत. घरांसाठीं सुमारें दीड लाख कामगारांनीं व त्यांच्या वारसांनीं अर्ज केले. २०१२ सालीं पहिली सोडत निघाली तेव्हां घरें होतीं सात हजारांच्याहि आंत. अर्ज करणाऱ्या कित्येक कामगारांचीं नांवें मग वारसांच्या रकान्यावरून ओळखावीं लागलीं.

यांत कोणाच्या हेतूविषयीं मला बोलावयाचें नाहीं. परंतु नियमावली ही सरकारला अधिसूचनेनें बदलतां येते, तिच्यासाठीं विधिमंडळांत बहुमत मागावें लागत नाहीं, हें या प्रकरणांतून पालकांनीं ध्यानांत घ्यावें. २०२५ च्या मे महिन्यांत राज्यानें नवें गृहनिर्माण धोरण मंजूर केलें. त्यांत २०३० पर्यंत ३५ लाख घरांचें उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट स्तुत्य आहे. पण धोरण पाळलें नाहीं म्हणून सामान्य नागरिक सहसा कोणाला न्यायालयांत खेंचूं शकत नाहीं. कायदा पाळला नाहीं तर खेंचूं शकतो. तीच गोष्ट २० टक्क्यांच्या नियमाची. दहा लाखांवर वस्तीच्या महानगरपालिकांत ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जमिनीवर बांधणाऱ्यानें २० टक्के घरें अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठीं ठेवावीं, असा नियम २०१३ पासून आहे. मोठ्या भूखंडाचे कागदोपत्रीं तुकडे पाडून प्रत्येक तुकडा चार हजारांच्या खालीं ठेवण्याची युक्ति निघाल्याच्या तक्रारी पुढें झाल्या. शिवाय हीं घरें विकत घेण्याचीं. ज्याच्याजवळ पहिल्या हप्त्याचे पैसे नाहींत त्याचा सोडतींत नंबर लागला काय आणि न लागला काय! घर पाहावें बांधून ही म्हण ज्यानें केली त्याच्याजवळ निदान बांधावयास जागा तरी असली पाहिजे. शहरांतील मजूर, परिचारिका, रिक्षावाला, नवा शिक्षक यांना प्रथम हवें असतें तें भाड्याचें घर, आणि तें बांधण्याचें काम आपल्या सरकारनें बी. डी. डी. चाळींनंतर फारसें मनावर घेतलें नाहीं. व्हिएन्ना शहरानें १९२३ सालीं घरांवर निराळा कर बसविला व १९३४ पर्यंत साठ हजारांच्या आसपास भाड्याचीं घरें बांधलीं. मुख्य म्हणजे तीं विकून टाकलीं नाहींत. आजहि त्या शहरांतील सुमारें निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांच्या घरांत राहतात.

तर मग कायदा कसा असावा? भाडें गोठवूं नये आणि मोकाटहि सोडूं नये, हें पहिलें. अमेरिकेंतील ऑरेगन राज्यानें २०१९ सालीं असा मधला मार्ग काढला. भाडेकरूचें भाडें एका वर्षांत महागाईचा दर अधिक ७ टक्के याहून जास्त वाढवूं नये, असें तेथें ठरलें. पुढें २०२३ सालीं कोणत्याहि स्थितींत वाढ १० टक्क्यांवर जाऊं नये अशी दुरुस्ती झाली. कॅलिफोर्नियानेंहि २०१९ सालींच महागाई अधिक ५ टक्के, कमाल १० टक्के, असा कायदा केला. दोन्ही राज्यांत पंधरा वर्षांच्या आंतील नव्या इमारतींना या मर्यादेंतून सूट आहे, म्हणजे नवीं घरें बांधणाऱ्याचा हात आंखडूं नये. आणि दोन्ही राज्यांत साधारणतः वर्षभर राहिलेल्या भाडेकरूस सबळ कारणावांचून काढतां येत नाहीं. हीं कारणें कायद्यांतच दिलेलीं आहेत. भाडें थकविणें, घराची नासधूस, मालकास स्वतः राहावयाचें असणें, अशीं तीं आहेत. आमच्या १९४७ च्या कायद्याची गाडी जेथें रुतली तेथेंच हे सावध राहिले, असें मला वाटतें.

महाराष्ट्रानें हेच आंकडे घ्यावे असें नाहीं. भाडेवाढ महागाईच्या निर्देशांकाशीं जोडावी हें तत्त्व घ्यावें. जुन्या चाळींनाहि तें हळूहळू लावावें, पण वाढीव भाड्याचा ठराविक हिस्सा त्याच इमारतीच्या दुरुस्तीच्या खात्यांत गेलाच पाहिजे, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांवरील बोजा सरकारनें उचलावा. अकरा महिने संपले एवढेंच कारण घर खालीं करविण्यास पुरेसें मानूं नये. निदान शाळेचें वर्ष संपेपर्यंत तरी मुलें असलेल्या कुटुंबास हलवूं नये. ही शेवटची सूचना एखाद्या विधिज्ञास पोरकट वाटेल. ज्यानें सहामाहीच्या आठवड्यांत शाळा बदलली आहे त्याला वाटणार नाहीं.

केंद्र सरकारनेंहि २०२१ सालीं एक आदर्श भाडे कायदा राज्यांपुढें ठेवला. राहत्या घरासाठीं दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊं नये, भाडेवाढीची सूचना तीन महिने आधीं द्यावी, घरांत येण्यापूर्वीं मालकानें चोवीस तास आधीं कळवावें, तंट्यांसाठीं स्वतंत्र भाडे-न्यायालयें असावीं, अशीं चांगलीं कलमें त्यांत आहेत. पण भाडें किती वाढवावें यावर त्यांत कसलीच मर्यादा नाहीं. आणि मुदत संपल्यावरहि राहणाऱ्यावर पहिले दोन महिने दुप्पट व पुढें चौपट भाड्याचा भुर्दंड आहे. त्यांतील चांगलें तें घ्यावें, तो जसाच्या तसा मात्र स्वीकारूं नये.

या अंकाच्या वाचकांत घरमालकहि असतील, आणि त्यांची बाजू मी विसरलों नाहीं. भाड्यानें घर देणारा प्रत्येक जण धनवान असतो हा एक भ्रम आहे. एखाद्या विधवेनें पतीच्या फंडाच्या पैशांत घेतलेली एकच खोली भाड्यानें दिलेली असते, आणि तिचें औषधपाणी त्यावर चालतें. भाडेकरू सहा महिने भाडें न देतां बसून राहिला आणि दिवाणी दावा वर्षानुवर्षें रेंगाळला, तर तिनें कोणाच्या तोंडाकडे पाहावें? आजच्या अकरा महिन्यांच्या पद्धतीचें मूळ बरेंचसें या भीतींतच आहे. म्हणून भाडेकरूस जेवढें संरक्षण द्यावयाचें तेवढाच जलद न्याय मालकासहि मिळाला पाहिजे. एकावांचून दुसरें टिकणार नाहीं. जो भाडें बुडवितो त्याला घरांत ठेवावें असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. बंधन आलें कीं लोक घरें भाड्यानें देण्याचेंच सोडतील, असा आक्षेप अर्थशास्त्रज्ञ घेतात. १९४७ च्या कायद्याखालीं हें पुष्कळ अंशीं खरें ठरलें. परंतु पन्नास वर्षें भाडें गोठविणें आणि दरसाल महागाईइतकी वाढ देणें यांत विस्तव आणि कोमट पाणी यांइतकें अंतर आहे. दोहोंना एकाच भीतीनें दूर ढकलणें बरोबर नाहीं.

नवा कायदा होईल तेव्हां होवो. तोंवर पालकांनीं चालू कायद्यांतील एका कलमाचा तरी उपयोग करावा. ५५ व्या कलमाप्रमाणें करार नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो न नोंदविल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींविषयीं भाडेकरू जें सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें मानलें जातें. नोंदणी आतां संगणकावरून घरबसल्याहि होते. अनामत व भाडें बँकेमार्फत द्यावें. अनामत किती दिवसांत परत मिळेल व घर सोडतांना रंगाचा खर्च कोणी सोसावयाचा, हें करारांत लिहून घ्यावें. आणि मुदत ठरवितांना ती एप्रिल-मे महिन्यांत संपेल अशी मागून पाहावी. चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करारहि नोंदवितां येतो.